पायांची अस्वस्थता, मेंदूतलं लोह आणि एमआरआय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेंदूच्या एमआरआयचं काम करताना रेस्टलेस लेग्ज सिंड्रोमचे रुग्ण भेटतात. त्यातले बरेच जण मोबाइलवर काहीतरी वाचून आलेले असतात आणि "मेंदूतलं लोह मोजून द्या" म्हणतात. त्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणजे नेमकं काय?

संध्याकाळ झाली, अंथरुणाला पाठ टेकली, की पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. पोटऱ्यांच्या आत, हाडाजवळ कुठेतरी वळवळतंय, ओढतंय, शिरशिरतंय असं वाटतं. उठून चार पावलं टाकली की बरं वाटतं, आडवं झालं की पुन्हा सुरू. एसटीचा रात्रीचा प्रवास, लांबलेला कार्यक्रम, विमानातली मधली सीट, सगळं नकोसं होतं. घरातली आजी नातवाला रोज रात्री "जरा पाय चेपून दे रे" म्हणून हाक मारते, पोटऱ्यांना फडकं घट्ट बांधून झोपते, मध्यरात्री गार फरशीवर अनवाणी फेऱ्या घालते. अशा कितीतरी आज्यांना हाच आजार असतो आणि 'वय झालं' म्हणून तो वर्षानुवर्षं बाजूला टाकला जातो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण यावर उपाय आहेत.

निदान रुग्णाच्या सांगण्यावरूनच होतं. पाय हलवण्याची अनावर इच्छा, ती स्वस्थ बसल्यावर किंवा पडल्यावर वाढणं, हालचालीने कमी होणं, संध्याकाळी-रात्री जास्त असणं आणि या सगळ्याला दुसरं कारण नसणं, या पाच गोष्टी जुळल्या की निदान पक्कं.

रात्री पोटरीत गोळा येतो, तोही याचाच प्रकार का?

नाही. गोळा आला की स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि जीव जाईल इतकं दुखतं. इथे स्नायू मऊच असतो, पण आत चैन पडत नाही.

त्रास पायांत आहे, मग मेंदूतल्या लोहाचा विषय कुठून आला?

इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी सतराव्या शतकात अशा रुग्णांचं वर्णन केलं होतं. आजाराला आजचं नाव दिलं स्वीडनचे मज्जाविकारतज्ज्ञ कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी, १९४५ च्या सुमारास. आपल्या रुग्णांपैकी काहींच्या अंगात लोह कमी आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांच्याच देशातल्या नॉर्डलँडर यांनी १९५० च्या दशकात शिरेतून लोह देऊन पाहिलं आणि अनेकांना आराम पडला. विशेष म्हणजे ज्यांना रक्तक्षय नव्हता, त्यांनाही पडला. रक्तात कमतरता दिसत नाही आणि लोह दिल्यावर बरं वाटतं, याचा अर्थ कमतरता दुसरीकडे कुठेतरी असली पाहिजे. पण जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावण्याची सोय तेव्हा नव्हती आणि हा धागा कित्येक वर्षं तसाच पडून राहिला.

२००० साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ख्रिस्तोफर अर्ली, रिचर्ड अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या मणक्यातलं पाणी तपासलं. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती जे पाणी खेळत असतं, तेच हे. त्यात लोह साठवणारं फेरिटिन कमी आणि लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन जास्त निघालं. लोहाची ओढ लागलेल्या अवयवात असंच चित्र असतं. त्याच रुग्णांच्या रक्तात मात्र असा फरक नव्हता.

लोह आणि पायांची अस्वस्थता यांना जोडणारी कडी डोपामिनची. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या एन्झाइमला काम करायला लोह लागतंच. लोह कमी पडलं की डोपामिनचं गणित बिघडतं. दिवसाच्या चक्रानुसार डोपामिनची पातळी वरखाली होत असते, त्यामुळे त्रास रात्रीच का वाढतो याचाही काही उलगडा होतो.

माझं हिमोग्लोबिन १३ आहे. तरी मेंदूत लोह कमी असू शकतं?

असू शकतं, आणि या आजारातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पडदा असतो. लोह तो आपोआप ओलांडत नाही. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर ट्रान्सफेरिनला धरून आत घेणारे रिसेप्टर असतात, त्यांच्यातून ते जातं. मृत रुग्णांच्या मेंदूच्या तपासणीत या भिंतींवरचे रिसेप्टर कमी आढळले आहेत. म्हणजे शरीरात साठा असूनही आत पोचण्याची वाट अरुंद. त्यात शरीराचा साठाही कमी असेल, तर मेंदूची उपासमार आणखी वाढते.

मेंदूत लोह असतं तरी किती?

सगळीकडे सारखं नसतं. १९५८ मध्ये हालग्रेन आणि सुरांडर या स्वीडिश संशोधकांनी मरणोत्तर मेंदूंतलं लोह रासायनिक पद्धतीने मोजलं. ग्लोबस पॅलिडस या भागात १०० ग्रॅम ताज्या ऊतीमागे सुमारे २१ मिलिग्रॅम, सब्स्टॅन्शिया नायग्रात (डोपामिन बनवणाऱ्या पेशी असलेला मधल्या मेंदूतला भाग) सुमारे १८ आणि पुटामेनमध्ये सुमारे १३ मिलिग्रॅम. मेंदूच्या तळाच्या मेड्युलात जेमतेम दीड. जन्मतः हे प्रमाण अगदी कमी असतं, तरुणपणापर्यंत झपाट्याने चढतं आणि मग त्याचा वेग मंदावतो. एमआरआयने लोह मोजणारे आजही आपले आकडे या जुन्या तक्त्याशी ताडून पाहतात. लोह वयानुसार बदलतं, त्यामुळे साठच्या रुग्णाची तुलना तिशीतल्या निरोगी माणसाशी करून चालत नाही, वयाची जोडी जमवावी लागते.

एमआरआयला लोह दिसतं कसं?

थेट दिसत नाही. एमआरआय पाहतो ते पाणी. पाण्यातल्या हायड्रोजनची केंद्रकं यंत्राच्या चुंबकात असताना रेडिओ लहरीचा धक्का दिला की सगळी एका लयीत फिरू लागतात आणि तेवढा वेळ सिग्नल मिळतो. दिंडीत शंभर टाळकरी एका ठेक्यात वाजवत असतात. मधल्या काहींचा ठेका जरा पुढे, काहींचा जरा मागे गेला, की टाळ तेवढेच वाजत असूनही एकसंध आवाज विरून जातो. केंद्रकांचंही तसंच होतं. फेरिटिनच्या एका पोकळ गोळ्यात लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात आणि अशा गोळ्यांजवळचं चुंबकीय क्षेत्र किंचित बदलतं. तिथल्या केंद्रकांची लय लवकर सुटते, सिग्नल लवकर मावळतो आणि तो भाग चित्रात काळा दिसतो.

सिग्नल किती वेगाने मावळतो हे आकड्यात मोजता येतं. एक वेग आर-टू, दुसरा आर-टू-स्टार. दोघांतला फरक म्हणजे आर-टू-प्राइम, आणि लोहाशी याचं नातं अधिक नेमकं मानलं जातं. तीन टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं एकक) यंत्रात सब्स्टॅन्शिया नायग्रातला सिग्नल वीस-तीस मिलिसेकंदांत बराचसा विरतो, म्हणून तेवढ्या वेळात एकापाठोपाठ अनेक नोंदी घ्याव्या लागतात.

अलीकडे क्यूएसएम ही पद्धत जास्त वापरात आहे. ती सिग्नलची जोराऐवजी कला, म्हणजे फेज, पाहते आणि त्यावरून प्रत्येक ठिपक्याची चुंबकीय प्रवणता काढते. तिचा मोठा फायदा असा की लोह आणि कॅल्शियम वेगळे ओळखता येतात. साध्या चित्रात दोन्ही काळे. क्यूएसएममध्ये एक धन बाजूला, दुसरं ऋण बाजूला.

पहिल्यांदा हे कुणी मोजलं?

बाल्टिमोरच्याच गटाने. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या फेलिक्स वेर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात एकाच स्कॅनमध्ये आर-टू आणि आर-टू-स्टार दोन्ही काढण्याची पद्धत बसवली होती. तिचा वापर करून अ‍ॅलन, बार्कर, वेर्ली, साँग आणि अर्ली यांनी २००१ मध्ये 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात निकाल छापले. पाच रुग्ण आणि पाच निरोगी माणसं, इतकाच पसारा. रुग्णांच्या सब्स्टॅन्शिया नायग्रात आर-टू-प्राइम स्पष्ट कमी होता, पुटामेनमध्येही काहीसा कमी होता आणि ज्याचा आजार जास्त त्याचा आकडा जास्त खाली होता.

दहा माणसांवरून निष्कर्ष काढू नये हे खरंच. तरी या छोट्या अभ्यासाचं मोल मला फार वाटतं. शरीराला सुईही न टोचता, जागत्या, बोलत्या माणसाच्या मेंदूत लोहाची कमतरता नेमकी कुठे आहे ते त्याने दाखवलं. 'मनाचे खेळ' म्हणून झिडकारल्या गेलेल्या रुग्णांच्या तक्रारीला एक मोजता येणारा आधार मिळाला.

दोनच वर्षांनी, २००३ मध्ये, जेम्स कॉनर यांच्या गटाने रुग्णांच्या मरणोत्तर मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली. तिथेही सब्स्टॅन्शिया नायग्रात लोह आणि फेरिटिन कमी होतं, पण पेशी मेलेल्या नव्हत्या. पेशी शाबूत आहेत आणि त्यांना लोह पुरत नाही. उपचाराची आशा इथूनच निघते.

त्यानंतरच्या सगळ्या अभ्यासांत हेच दिसलं का?

नाही. २००६ मध्ये बाल्टिमोरच्याच गटाला असं दिसलं की पंचेचाळिशीच्या आत आजार सुरू झालेल्यांच्या सब्स्टॅन्शिया नायग्रात लोह कमी आहे, उशिरा सुरू झालेल्यांत मात्र निरोगी लोकांपेक्षा खास फरक नाही. कदाचित हे दोन वेगळे आजार एकाच नावाखाली नांदत असतील. २०१६ मध्ये सात टेस्लाच्या शक्तिशाली यंत्रावर क्यूएसएमने पाहिलं, तेव्हा थॅलॅमस आणि लहान मेंदूतल्या डेंटेट केंद्रकात कमतरता दिसली. सब्स्टॅन्शिया नायग्रात ती झोपेत पाय फार झटकणाऱ्या रुग्णांपुरतीच दिसली. युरोपातल्या काही गटांना तर फरकच सापडला नाही.

याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. रुग्णांची संख्या थोडी असते. कुणी डोपामिनची औषधं घेतोय, कुणी लोहाच्या गोळ्या, कुणी काहीच नाही. प्रत्येक गटाचं यंत्र आणि पद्धत वेगळी. आणि मुख्य म्हणजे फरकच मुळात बारीक आहे.

बारीक म्हणजे किती? स्कॅनवर डोळ्यांनी दिसणार नाही का?

दिसणार नाही. मधल्या मेंदूचा आडवा छेद पडद्यावर मोठा करून पाहिला की मागे दोन गोल काळपट ठिपके दिसतात, ती रेड न्यूक्लियस. त्यांच्या पुढे, दोन्ही बाजूंना तिरक्या, काळसर पट्ट्या असतात. तोच सब्स्टॅन्शिया नायग्रा. पट्टीची जाडी काही मिलिमीटर, म्हणजे नेहमीच्या स्कॅनमध्ये मोजून काही ठिपके. संशोधक माउसने तिची कड आखतो. कड एक ठिपका बाहेर सरकली तर शेजारचा कमी लोह असलेला भाग आत येतो आणि सरासरी घसरते. म्हणून दोन जण स्वतंत्रपणे कड आखतात आणि रुग्ण कोण, निरोगी कोण हे दोघांनाही ठाऊक नसतं. भर म्हणजे हा भाग नाकामागच्या हवेच्या पोकळ्यांपासून फार लांब नाही. हवा आणि ऊती यांच्या सीमेवर चुंबकीय क्षेत्र आपोआपच वाकडं होतं, आणि ती गडबड गणिताने वजा करावी लागते. शिवाय सब्स्टॅन्शिया नायग्रातल्या न्यूरोमेलॅनिन या काळ्या रंगद्रव्यालाही लोह चिकटलेलं असतं. या सगळ्यातून उरलेला फरक गटाच्या सरासरीत दिसतो. एका माणसाचं चित्र पाहून 'हा रुग्ण, हा निरोगी' असं आज कुणीही सांगू शकत नाही.

मग मी माझ्या मेंदूचा एमआरआय काढून घ्यावा का?

लोह मोजण्यासाठी म्हणून अजिबात नको. मला हे ठामपणे सांगायचं आहे, कारण लोक पदरचे हजारो रुपये घालून येतात. नेहमीच्या सेंटरवर होणाऱ्या ब्रेन एमआरआयमध्ये हे आकडे काढलेच जात नाहीत. काढले तरी त्यावरून उपचार ठरवण्याचा मान्य निकष नाही. तपासणीत मज्जासंस्थेचा दुसरा आजार असल्याची शंका आली, तर डॉक्टर एमआरआय सांगतील. तो वेगळा विषय.

माझा एमआरआय नॉर्मल आला. मग घरचे म्हणतात तुला काही झालेलं नाही.

या आजारात एमआरआय नॉर्मलच येतो. नॉर्मल म्हणजे गाठ नाही, पक्षाघाताचा झटका नाही, सूज नाही. तुमचा त्रास खोटा आहे असा त्याचा अर्थ होत नाही. हे उत्तर घरच्यांना वाचायला द्या.

हा पुढे जाऊन पार्किन्सन होतो का? दोन्हींत डोपामिनच असतं ना?

लोहाच्या बाबतीत दोन्ही आजार उलट टोकांना आहेत. पार्किन्सनमध्ये सब्स्टॅन्शिया नायग्रात लोह वाढतं आणि डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात. कानशिलावरून केलेल्या सोनोग्राफीत पार्किन्सनच्या रुग्णांचा हा भाग जास्त उजळ दिसतो, तर रेस्टलेस लेग्जच्या रुग्णांचा नेहमीपेक्षा फिका. औषधांची नावं सारखी आहेत म्हणून घाबरू नका.

मग कोणती तपासणी करू?

रक्तातलं फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे ट्रान्सफेरिनचा किती टक्के भाग लोहाने भरलाय ते. सकाळी, उपाशीपोटी, आणि आदल्या दिवशी लोहाची गोळी न घेता.

रिपोर्ट वाचताना एक गोष्ट पाहा. लॅबच्या छापील तक्त्यात बायकांच्या फेरिटिनची खालची मर्यादा बऱ्याचदा १० ते १५ च्या आसपास असते. त्यामुळे २० आकडा आला की शेजारी 'नॉर्मल' छापून येतं आणि विषय संपतो. या आजारात निकष वेगळे आहेत. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मोठ्या माणसाचं फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असेल, किंवा सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल, तर तोंडावाटे किंवा शिरेतून लोह देण्याचा विचार करावा. ७५ ते १०० च्या मध्ये असेल तर शिरेतून. लहान मुलांसाठी ५० ही रेघ आहे. ताप, संसर्ग, सांधेदुखीची सूज असताना फेरिटिन खोटं वर जातं, तेव्हा सॅच्युरेशनवर जास्त भरवसा ठेवावा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के, स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सगळ्याच रक्तक्षयाचं कारण लोह नसतं, पण पाय ओढतात म्हणणाऱ्या बाईचं फेरिटिन न पाहता तिला कॅल्शियमच्या गोळ्या देऊन परत पाठवणं आता तरी थांबायला हवं.

थेट लोहाच्या गोळ्या सुरू केल्या तर?

तपासल्याशिवाय नको. थॅलेसेमिया मायनर असलेल्यांचं हिमोग्लोबिन कमी असतं पण लोहाचा साठा पुरेसा असू शकतो. सिंधी, लोहाणा अशा काही समाजांत त्याचं प्रमाण जास्त आहे. जादा लोह शरीर सहज बाहेर टाकत नाही, ते यकृतात आणि हृदयात साचतं.

गोळी सांगितली असेल तर लिंबूपाणी किंवा क जीवनसत्त्वासोबत घ्या. चहा, दूध आणि कॅल्शियमपासून तासदोन तास लांब ठेवा. दिवसाआड घेतली तरी शोषण चांगलं होतं.

गूळ-शेंगदाणे, खजूर, पालक खाऊन भागणार नाही का?

साठा टिकवायला मदत होईल. रिकामा साठा केवळ आहाराने भरून यायला फार काळ लागतो.

लोह दिल्यावर ते मेंदूत पोचतं का? एमआरआयने ते पाहिलंय का?

पाहण्याचे प्रयत्न झाले. २००४ मध्ये अर्ली यांच्या गटाने दहा रुग्णांना आयर्न डेक्स्ट्रान शिरेतून दिलं. सहा जणांना चांगला आराम पडला आणि एमआरआयमध्ये मेंदूतलं लोह वाढल्याच्या खुणा मिळाल्या. पुढे आयर्न सुक्रोज वापरून काटेकोर चाचणी झाली, तेव्हा तसा ठोस फायदा दिसला नाही. रक्तात गेल्यावर वेगवेगळ्या औषधांतून लोह वेगवेगळ्या गतीने सुटतं, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे औषध अनेक चाचण्यांत उपयोगी ठरलं आणि वरच्या २०२५ च्या सूचनांत त्याची जोरदार शिफारस आहे. ते हॉस्पिटलमध्येच घ्यायचं. त्याने काहींचं रक्तातलं फॉस्फरस उतरतं, त्यामुळे परत द्यायचं झालं तर डॉक्टर तेही तपासतात. आराम लगेच दुसऱ्या दिवशी पडत नाही, काही आठवडे धीर धरावा लागतो.

लोहाचं सलाईन घेतल्यावर एमआरआय चालेल का?

चालतो, पण तंत्रज्ञाला आधी सांगा. फेरुमॉक्सिटॉल नावाचं शिरेतून द्यायचं लोह तर चित्रात रंगद्रव्यासारखं उमटतं आणि त्याचा परिणाम तीन महिन्यांपर्यंत राहू शकतो. पोटात घेतलेल्या गोळ्यांनी मेंदूच्या स्कॅनला काही होत नाही. पेसमेकर, जुनी क्लिप, डोळ्यात गेलेला धातूचा कण यांची चौकशी मात्र टाळू नका.

मला दहा मिनिटं स्वस्थ पडवत नाही. अर्धा तास यंत्रात कसा काढू?

या आजाराचा अभ्यास करणाऱ्यांपुढचीही हीच खरी अडचण आहे. ज्या अवस्थेत त्रास वाढतो, नेमकी तीच अवस्था यंत्र मागतं. रुग्ण पाय हलवतो, पायांबरोबर डोकं किंचित हलतं आणि मोजमाप बिघडतं. काही गोष्टींनी मदत होते. सकाळची वेळ मागा, तेव्हा त्रास सर्वांत कमी असतो. आत जाण्याआधी दहा मिनिटं चालून या. त्या दिवशी सकाळी चहा-कॉफी टाळा. गुडघ्यांखाली उशी आणि पोटऱ्यांवर जड पांघरूण मागून घ्या. दोन स्कॅनच्या मध्ये आवाज थांबतो तेव्हा पाय हलवून घेऊ द्या, असं आधीच ठरवून घ्या. हातात दिलेली रबरी घंटी दाबायला संकोच करू नका. आम्ही त्यासाठीच बाहेर बसलेलो असतो. स्कॅनसाठी झोपेची गोळी किंवा सर्दीची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. गुंगी आणणाऱ्या अनेक सर्दीच्या गोळ्यांनी हा त्रास उलट वाढतो. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडनेही वाढतो.

गरोदरपणात हा त्रास सुरू झाला. बाळंतपणानंतर जाईल का?

बहुतेकींचा जातो. शेवटच्या तीन महिन्यांत तो सर्वांत जास्त असतो. फेरिटिन नक्की तपासा आणि औषध मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारूनच.

आमच्या घरात आजी, आई आणि मला, तिघींनाही आहे. अनुवंशिक आहे का?

हो, विशेषतः लहान वयात सुरू होणारा प्रकार घराण्यांत चालत येतो. २००७ मध्ये एमईआयएस-१ आणि बीटीबीडी-९ ही जनुकं याच्याशी जोडली गेली. आइसलँडमधल्या अभ्यासात दिसलं की बीटीबीडी-९ चा धोक्याचा प्रकार असलेल्यांच्या रक्तात फेरिटिनही कमी असतं. लोहाचा धागा जनुकांपर्यंत जातो तो असा. मुलीला 'वाढीचं दुखणं' म्हणून रात्री पाय चोळून घ्यावे लागत असतील, तर तिचंही फेरिटिन बघून घ्या.

मग एमआरआयचं संशोधन पुढे कशासाठी चालू आहे?

शिरेतून लोह दिल्यावर काहींचं आयुष्य बदलतं, काहींना शून्य फरक पडतो, आणि रक्ताच्या तपासणीवरून हे आधी सांगता येत नाही. कुणाच्या मेंदूत, कोणत्या भागात कमतरता आहे आणि ती भरून येण्याजोगी आहे का, हे लोह देण्याआधीच स्कॅनवरून कळलं तर नको त्यांना सुई टोचावी लागणार नाही. त्यासाठी वेगवेगळ्या यंत्रांवरचे आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत, मोठ्या संख्येने रुग्ण पाहिजेत आणि तेच रुग्ण लोह देण्याआधी व नंतर पुन्हा स्कॅन झाले पाहिजेत. तो दिवस येईपर्यंत रक्ताची एक तपासणी आणि डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलेली हकीगत, यांवरच उपचार ठरणार आहेत. हे दोन्ही आज, तालुक्याच्या गावीही मिळू शकतं.